पिवळं वर, लाल खाली

४ फेब्रुवारी

धाकटे,

मी आजवर माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहितो, नीट वाच. साध्या नळ्या सोडून देतो, त्या मोजत बसलो तर कागद पुरायचा नाही. वाफ थंड करायची उपकरणं, आत आठ वेटोळ्यांची, दोनशे चौदा. थेंबाथेंबाने द्रव सोडायच्या ब्युरेट, सहाशेच्या वर, आणि त्यांतली एकही एका थेंबापेक्षा जास्त चुकलेली नाही. काचेचा डोळा, एक, तोही कुत्र्यासाठी. काच वितळवायची भट्टी, दोन. पहिली फुटली, दुसरी अजून चालते. वर्कशॉपच्या माळ्याचा जिना, तेरा पायऱ्या, प्रत्येक पावणेसात इंच. तुझ्या लेकीच्या, मिरीच्या लग्नात दिलेले दोन हंस, ज्यांतल्या एकाची मान तुझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी मोडली. यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर मी वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही. बघितलं, भाजलं, फोडलं, पुन्हा केलं.

हे सांगायचं कारण असं की परवा मला एका छापील कागदावर कळवलंय, माझं रक्त सदोष आहे.

झालं ते असं. तुला आठवतं, एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या हातात मोठा फ्लास्क फुटला आणि दंडाची रक्तवाहिनी कापली गेली. तेव्हा मला चार पिशव्या रक्त चढवलं. तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी चार परत द्यायच्या. पण सुई बघितली की घेरी यायची (हे तुझ्या वहिनीला बोलू नकोस, तिला वाटतं मला वेळ नव्हता). शेवटी यंदा मनाचा हिय्या केला. चौकातल्या रक्तपेढीत गेलो, डोळे मिटून एक पिशवी दिली, बिस्कीट खाल्लं, ताठ मानेने घरी आलो.

दहा दिवसांनी कागद. "आपला रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. आपल्या रक्तात प्रतिपिंडे आढळल्यामुळे ते रुग्णांना देण्यायोग्य नाही. कृपया पुन्हा रक्तदान करू नये."

पुन्हा करू नये! मी तडक तिथे गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, घाबरू नका, तुम्हाला काही झालेलं नाही." मी म्हटलं, "घाबरलो कोण? मला बावन्न वर्षांत साधा ताप आलेला नाही. माझी प्रतिकारशक्ती उत्तम आहे." तर ती म्हणते, "हो ना, तोच तर प्रॉब्लेम आहे."

आता हे काय बोलणं झालं? प्रतिकारशक्ती उत्तम असणं हा प्रॉब्लेम?

तू पंचवीस वर्षं प्रसूती रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्तच बघते आहेस. मला लेखी उत्तर पाहिजे. फोनवर सांगू नकोस. फोनवर माणूस काय बोलला ते मागाहून तपासता येत नाही.

दादा

ता.क. मिरी कशी आहे? गेल्या वर्षीच्या त्या प्रकारानंतर तिने मला एक ओळ लिहिलेली नाही.


११ फेब्रुवारी

दादा,

पहिल्यांदा रक्त दिलंस याबद्दल अभिनंदन. घेरीबद्दल वहिनीला आधीपासून माहीत आहे. लग्नाआधी तुझं टोचून रक्त तपासलं तेव्हा तू कंपाउंडरच्या अंगावर पडला होतास, ते तिच्या माहेरी अजून सांगतात.

तुझं रक्त सदोष नाही. नीट वाच, मग रागाव.

बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर एक खूण असते. आम्ही तिला डी म्हणतो. ती असली की पॉझिटिव्ह, नसली की निगेटिव्ह. तुझ्यात ती नाही. ती असून काही मोठं मिळत नाही आणि नसून काही अडत नाही. पण आपल्या शरीराची पहारा ठेवणारी जी यंत्रणा आहे तिला एकच गोष्ट कळते, आपलं कोणतं आणि परकं कोणतं. चांगलं-वाईट तिला कळत नाही. तुझा अपघात झाला त्या दिवशी निगेटिव्ह रक्त मिळालं नसणार. माणूस मरत असेल तर पुरुषाला पॉझिटिव्ह चढवतात, तेच बरोबर होतं. त्या रक्ताने तू वाचलास. पण तुझ्या अंगातल्या पहारेकऱ्यांनी ती डीची खूण बघितली, परकी म्हणून नोंदवली, आणि नेमकी तीच खूण पकडणारी प्रतिपिंडं बनवली. इंग्रजीत अँटिबॉडी. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही तो याच कारणाने. ही आठवण जन्मभर टिकते.

आता तुझं रक्त एखाद्या पॉझिटिव्ह माणसाला दिलं तर त्यातली प्रतिपिंडं त्याच्या लाल पेशी फोडतील. म्हणून नको म्हणतात.

एक काम कर. त्या रक्तपेढीतून पूर्ण रिपोर्ट माग. त्यात एक आकडा असेल, तो मला कळव. आणि डी सोडून आणखी कुठल्या खुणा तपासल्या असतील तर त्यांची यादीही. विसरू नकोस.

मिरी बरी आहे. कामात असते.

तुझी धाकटी


१८ फेब्रुवारी

धाकटे,

रिपोर्ट सोबत जोडला आहे. मूळ प्रत माझ्याकडे, तुला नक्कल, शब्दन् शब्द पडताळलेली.

आकडा पाचशे बारा. रक्तपेढीतल्या त्याच बाईकडून समजून घेतलं. रक्तातलं पाणी निम्मं पातळ करायचं, मग त्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं, अशा नळ्या लावायच्या, आणि कितव्या नळीपर्यंत ते पेशींना पकडतं ते बघायचं. माझं नवव्या नळीपर्यंत पकडतं. बाई म्हणाली, "काका, एकोणीस वर्षांनी बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या नळीत संपतं." मी तिला सांगितलं की तुमच्या त्या नळ्यांची तोंडं नीट भाजलेली नाहीत, कडा धारदार आहेत, मी फुकट करून देतो. तर म्हणे आता सगळं प्लास्टिकचं येणार आहे, काचेचं काढून टाकणार. हल्ली सगळीकडे हेच ऐकतो. गेल्या तिमाहीत माझ्याकडे चार ऑर्डरी आल्या, त्यांतल्या दोन दुरुस्तीच्या. असो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आकड्याचं कळलं. बाकी डोक्यात गुंता झाला आहे. माझ्या अडचणी लिहितो.

पहिली. कुणी एक माणूस, किंवा चार माणसं, माझ्यासाठी रक्त देऊन गेली. त्यांची नावं मला माहीत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडत आलो. आणि तू सांगतेस की त्याच वेळी आतून माझं शरीर त्यांच्याशी वैर धरून बसलं होतं! ज्याने वाचवलं त्याचीच खूण लिहून ठेवली, पुन्हा दिसलास तर बघून घेईन म्हणून. एकोणीस वर्षं! मी इतका कृतघ्न माणूस नाही. मग हे आत कोण बसलं आहे?

दुसरी. पहारेकऱ्याला चांगलं-वाईट कळत नाही म्हणतेस. मग तो पहारेकरी कसला? आमच्या गल्लीच्या वॉचमनला निदान पोस्टमन ओळखू येतो.

तिसरी. जी शक्ती मला गोवरापासून वाचवते तीच शक्ती मला रक्तदानातून बाद करते. मग मी तिचा अभिमान बाळगायचा की लाज?

तुझी वहिनी म्हणते, "अगदी तुमच्यावर गेलंय तुमचं रक्त. एकदा कुणाबद्दल मनात आलं की जात नाही." तिला शास्त्र कळत नाही.

मिरी "बरी आहे, कामात असते" हे तू नेहमी लिहितेस तसं लिहिलेलं नाही. तू नेहमी दोन पानं लिहितेस मिरीबद्दल.

दादा


२ मार्च

दादा,

उशीर झाला, माफ कर. रिपोर्ट मिळाला. नक्कल सुंदर आहे, आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली तर त्यांना छापील वाटली.

तुझ्या अडचणींना उत्तरं माझ्याकडे नाहीत. मी नळ्या बघते, माणसाच्या मनाचं काय कळतं मला. एकच सांगते. तुझ्या रक्तातली हीच गोष्ट औषध म्हणूनही वापरतात.

आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात. आईचं शरीर तुझ्यासारखंच करतं, खूण लिहून ठेवतं. पहिल्या बाळाला काही होत नाही. पुढच्या बाळाला होतं. आईचीच प्रतिपिंडं नाळेतून आत जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडत राहतात. हे होऊ नये म्हणून पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन देतात. त्यात काय असतं माहीत आहे? तुझ्यासारख्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं. ती दिली की आईचं शरीर स्वतःची बनवायला शिकतच नाही. का शिकत नाही, ते मोठमोठ्यांनाही पुरतं सांगता येत नाही. पण शिकत नाही एवढं खरं.

हे इंजेक्शन कायम कमी पडतं. आमच्याकडे महिनाभर साठा शून्य आहे. इथे एक मुलगी आहे, तिला पहिल्या वेळी ते मिळालं नाही. ती बाळंत झाली त्या गावी साठा संपला होता, उद्या या म्हणाले, परवा या म्हणाले, चौथा दिवस उजाडला. तिला रोज बघते. बघून झोप लागत नाही.

जास्त लिहीत नाही. हात दुखतोय.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

तुमची डॉक्टर मंडळी थोर आहेत. औषध कसं चालतं ते माहीत नाही आणि देतात! मी ब्युरेट अशी विकली असती तर माझी पाटी कधीच खाली उतरली असती. पण चालतं म्हणतेस ना, मग ठीक. मी करणारा माणूस आहे, नुसता बोलणारा नाही.

सोबत बर्फाच्या डब्यात अकरा अँप्यूल, म्हणजे तोंड बंद केलेल्या काचेच्या कुप्या, पाठवतो आहे. प्रत्येकीत आठ मिली. कसं केलं ते लिहितो, म्हणजे तुझ्या डॉक्टरीणबाईंना शंका नको.

आमच्या कोपऱ्यावरचा पॅथॉलॉजीवाला माझा जुना मित्र, त्याची सगळी काच मी केलेली. त्याच्याकडून दोनशे मिली रक्त काढून घेतलं, न गोठणाऱ्या पिशवीत. घेरी आली, पण पडलो नाही. पिशवी त्याच्या फ्रिजमध्ये दोन दिवस सरळ टांगून ठेवली. तिला धक्का लागू नये म्हणून मी काचेचा खास हूक केला. दोन दिवसांनी पिवळं वर, लाल खाली, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. प्रतिपिंडं पिवळ्यात असतात हे मी विचारून घेतलं होतं, अंदाजाने काम करत नाही. मग केसासारखी बारीक पिपेट ओढली आणि हद्दीच्या वर अर्धा इंच सोडून सगळं पिवळं उचललं. लालचा एक कणही आत येऊ दिला नाही. अँप्यूल आदल्या दिवशी करून दोन तास उकळल्या होत्या. मानेवर ज्योत धरून बंद केल्या. प्रत्येक उलटी करून तपासली, गळती नाही. लेबलावर तारीख, गट, आकडा, माझी सही.

खाली उरलेलं लाल मोरीत ओतून दिलं.

ज्या मुलीला तू रोज बघतेस तिला यातलं लागेल तेवढं द्यावं. उरलेलं पुढच्या मुलींना. संपलं की कळव, दर महिन्याला करून पाठवीन. पैशाचं नाव काढायचं नाही.

खरं सांगू, हे करताना बरं वाटलं. आत जो कुणी वैर धरून बसला आहे त्याला निदान कामाला लावलं.

दादा


१२ मार्च

दादा,

काय करून बसलास रे तू!

डबा आज सकाळी आला. सगळी लॅब जमली. अकरा अँप्यूल, सही केलेल्या! डॉक्टरीणबाईंनी एक उजेडात धरली, आधी हसल्या आणि मग खुर्चीत बसल्या. अरे, ते इंजेक्शन शेकडो लोकांचं पिवळं एकत्र करून, कारखान्यात गाळून, हजार तपासण्या करून बनतं. घरच्या फ्रिजमध्ये टांगलेलं रक्त कुणाच्या अंगात टोचायचं नसतं. आणि त्या मुलीला तर तुझ्या अँप्यूल काय, खरं इंजेक्शनसुद्धा आता कामाचं नाही. तिचं शरीर शिकून बसलं आहे. तिच्या पोटातल्या बाळाला तुझं पिवळं म्हणजे विष.

फोन केला तर वहिनी म्हणाली, तू भट्टीपाशी आहेस, मध्ये उठत नाहीस. बरंच झालं. मला हे तोंडाने सांगता आलं नसतं.

ती मुलगी मिरी आहे.

सहावा महिना आहे. गेल्या वर्षीचं बाळ "ठोके थांबले" म्हणून गेलं असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ठोके थांबले हे खरं. का थांबले ते सांगितलं नाही. मिरीची थोरली मुलगी झाली तेव्हा मिरी सासरच्या गावी होती. इंजेक्शन मिळालं नाही ते तिने मला कळवलं नाही, तिला वाटलं ताकदीचं असेल काहीतरी. आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींचे गट बघणारी, मी माझ्या मुलीला विचारलं नाही. एका वाक्याचं काम होतं. यावेळी तिने मला शपथ घातली, "आई, कुणालाच सांगायचं नाही. मामाला तर नाहीच. मामा कारण विचारत बसेल." म्हणून गप्प होते.

बाळाचं रक्त उतरत चाललं आहे. डॉक्टरीणबाई सुईने पोटातल्या पोटात, नाळेतून, बाळाला लाल पेशी देणार आहेत. त्या पेशींवर डीची खूण नको, म्हणजे मिरीची प्रतिपिंडं त्यांना ओळखणार नाहीत. यादीत चार दाते होते. परवा मिरीच्या रक्तात आणखी एका खुणेची प्रतिपिंडं सापडली आणि चौघेही बाद झाले. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, माझ्या रक्ताचा तिला काही उपयोग नाही. तुझ्या रिपोर्टाप्रमाणे तुझ्या पेशींवर ती दुसरी खूणसुद्धा नाही. तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच क्षणी माझ्या मनात तू आला होतास, म्हणून तर यादी मागितली. तुझ्या पेशी धुवायच्या, पिवळं सगळं काढून टाकायचं, आणि नुसतं लाल घ्यायचं. मामाचं, म्हणजे नात्यातलं रक्त बाळावर उलटू नये म्हणून ते वर किरणांखाली ठेवायचं. आमच्याकडे सगळी सोय आहे.

दादा, तू मोरीत ओतलंस ते हवं होतं.

सोमवारी सुई आहे, म्हणून हे कुरिअरने पाठवते. येशील?

धाकटी


१३ मार्च

धाकटे,

रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. या पत्राच्या आधी मी पोचेन, तरी लिहितो, कारण तोंडाने मलाही सांगता येणार नाही.

तुझी चूक नाही. माप घेताना एखादी खूण राहून जाते. माझ्याकडून कितीदा राहिली आहे.

मिरीला सांग, मामा कारण विचारणार नाही. एकही नाही.

दादा


२ मे

दादा,

तू परत गेल्यापासून घर रिकामं वाटतं. तीन वेळा आलास, तीनही वेळा दोन दिवस राहिलास, आणि आमच्या लॅबमधल्या एकूण एक नळ्यांच्या कडा भाजून गेलास. दर वेळी सव्वाशे मिली दिलंस, लोहाच्या गोळ्या न चुकता घेतोस असं वहिनी म्हणते, आणि घेरी एकदाच आली. तिसऱ्या वेळी मिरीने तुझा हात धरला होता म्हणून नाही आली, असं नर्स सांगत होती.

काल सोनोग्राफी झाली. एकतिसावा आठवडा. बाळाच्या पोटातली सूज उतरली. ठोके चांगले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बाळाच्या अंगात स्वतःचं रक्त जवळजवळ उरलेलंच नाही. त्याचं स्वतःचं बनणं मंदावलं आहे, फिरतंय ते बहुतेक सगळं तुझंच. उद्या जन्मल्याबरोबर गट तपासला तर तुझा गट दिसेल. मिरी हसली, म्हणाली, "म्हणजे हेही कडा तपासत बसणार." किती महिन्यांनी हसली ती!

चौथी सुई सोळाला आहे. मग बहुधा एकच. धोका संपलेला नाही, तुला खोटं सांगत नाही.

आता दुसरं. काल एक सुटातला माणूस लॅबमध्ये आला होता. ते इंजेक्शन बनवणाऱ्या सीरम कंपनीचा. तुझ्या पाचशे बाराच्या आकड्यावरून त्यांनी तुला शोधून काढलं, तो तुला वर्कशॉपमध्ये येऊन भेटला आणि तू त्याला परत पाठवलंस, असं तो म्हणाला. "तुमच्या भावाला समजावा, ताई. असा माणूस लाखात एक. त्यांचं नुकसान होतंय." मी विचारलं, काय देत होतात? तर कार्ड ठेवून निघाला.

तू मला काही बोलला नाहीस. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच विचारा, मला सांगताना ते भट्टीकडे तोंड करून बोलत होते." वर्कशॉपचं काय चाललं आहे तेही मला आता कळलं आहे. तो काय देत होता? आणि का नाही म्हणालास? माझ्यामुळे असेल तर मला ते झेपणार नाही. लेखी सांग.

धाकटी


७ मे

धाकटे,

एकतिसावा आठवडा, ठोके चांगले, हे वाक्य मी तुझ्या वहिनीला चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "पाठ झालं."

बाळाच्या अंगात फिरणारं रक्त माझं, हे मात्र मला कळत नाही. मग ते बाळ कुणाचं? मिरीचं आहेच, तो प्रश्न नाही. पण मिरीचं शरीर त्याला परकं समजतं आणि माझ्या पेशींना काही म्हणत नाही, म्हणजे सख्ख्या आईला मूल परकं आणि मामाचं रक्त चालतं? बरं, माझ्या पेशी चालतात ते त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही म्हणून. त्यांच्यात काही गुण आहे म्हणून नव्हे. आयुष्यभर मी जे केलं त्याच्यावर सही केली, आणि इथे कामाला आलं ते कोरं निघालं. मी यावर तीन दिवस विचार केला. चित्रही काढलं. चित्र बरोबर आहे, तरी कळत नाही.

आता त्या माणसाचं. तो एप्रिलच्या अठ्ठावीसला आला. बूट बाहेर काढले, काचेच्या ढिगात जपून पाय ठेवला, म्हणून मी त्याला बसवलं. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं असं. दर आठवड्याला त्यांच्या केंद्रात जायचं, यंत्र पिवळं काढून घेतं आणि लाल परत देतं. वर्षातून एकदा ते मला डीची खूण असलेल्या थोड्या पेशी टोचणार, म्हणजे आतल्या माणसाचा राग ताजा राहावा आणि आकडा पडू नये. हे ऐकून मला हसू आलं. राग टिकवण्याचे पैसे मला याआधी कुणी देऊ केले नव्हते.

मी म्हटलं, चालेल, दोन महिन्यांनी. तो म्हणाला, यंदाची दात्यांची यादी या आठवड्यात बंद होते. शिवाय सही केली त्या दिवसापासून बाहेर कुणालाही रक्त द्यायचं नाही, थेंबभरही नाही, कराराचं पाचवं कलम. मी विचारलं, भाचीच्या बाळालाही? त्याने फाइल मिटली आणि म्हणाला, "काका, मी तुमच्या जागी असतो तर काय करावं ते मलाही कळलं नसतं."

म्हणून नाही म्हटलं. तुझ्यामुळे नाही. सोळा तारखेमुळे.

पण तू लेखी विचारलं आहेस तर पूर्ण लिहितो. तो जाताना दारात म्हणाला की माझ्या एका वर्षाच्या पिवळ्यातून काही शे मुलींची इंजेक्शनं होतात. काही शे. म्हणजे सही केली असती तर त्यांतल्या कुणाला चौथा दिवस उजाडेपर्यंत ताटकळावं लागलं नसतं. त्या मुलींची नावं मला माहीत नाहीत, आणि मला ज्यांनी वाचवलं त्यांचीही माहीत नव्हती. एका पारड्यात त्या, एका पारड्यात आपलं एक न जन्मलेलं पोर. मी आपलं ते निवडलं. आपलं कोणतं आणि परकं कोणतं एवढंच बघून. बरोबर केलं का, हे मला कुणी सांगत नाही. तुझ्या वहिनीला विचारलं तर तिने डाळीत चमचा फिरवत "जेवायला बसा" एवढंच म्हटलं. तुमच्या रक्तपेढीला पिवळं फुकट द्यायला मी नंतर तयार आहे. यंत्र आलं की कळवा. पण तो नंतरचा विषय झाला, आणि नंतरच्याने आत्ताच्या मुलींचं भागत नाही.

सोळाला सकाळी सातच्या आत पोचतो. उपाशीपोटी यायचं नाही, लक्षात आहे.

तो देत होता तो आकडा आता एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. दरमहा चाळीस हजार, सात वर्षं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. एकूण तेहतीस लाख साठ हजार.

दादा